हात मांडीखाली

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. बमरोलीत आमची खोली खात्याच्या डोक्यावर होती. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. खाली ओळीनं माग, वर लाकडी फळ्यांचा माळा आणि त्या माळ्यावर पत्र्याखाली आम्ही चौघं: माझा भाऊ, वहिनी, त्यांची लहान मुलगी, आणि शिकायला म्हणून खानदेशातून आणलेली मी. फळ्या दिवसभर थरथरत असायच्या. पाण्याचा पेला खाली ठेवला तर त्यातलं पाणीही थरथरायचं.

कुणाला बोलवायचं तर पाय आपटायचा. फळीवर टाच आपटली की पलीकडच्या कोपऱ्यातलं माणूस मान वळवून बघायचं, आणि मग पुढचं बोलणं हातांनी. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. तळहातावर तळहात थोपटला की भाकर. दोन बोटं कातरीसारखी उघडमीट केली की मागावरच्या सुताची तार तुटली, खाली ये. भाऊ हे सगळं मागांवर शिकला होता. त्याचे कान तोवर अर्धे गेलेच होते, त्यामुळे त्याला हेच सोयीचं. वहिनी त्याच्याकडून शिकली आणि मीही आल्या आल्या आठवडाभरात शिकले. खातं बंद असायचं त्या दिवशीही आम्ही पायच आपटायचो, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

भावाची मुलगी दोन वर्षांची झाली तरी बोलेना. पण तिचे हात बोलायचे. पाणी, भाकर, बाहेर जायचंय, झोप आली, सगळं तिला हातांनी सांगता यायचं. काही खुणा तर तिच्या स्वतःच्या होत्या. दोन्ही तळवे गालांवर दाबून भुवया वर केल्या की त्याचा अर्थ, बाबा वर कधी येणार? भाऊ पाळी संपवून आला की ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायची आणि दोघं बाप-लेक अर्धा अर्धा तास हातवारे करत हसायचे. मला ते बघून लाज वाटायची, हे आता कबूल केलेलं बरं. मी कॉलेजात जाणारी मुलगी होते, आणि माझ्या घरात हे असलं चाललेलं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा काळ. मराठी शाळेतून आल्यामुळे गुजराती पुस्तक वाचताना जीभ अडखळायची, पण एक विषय मला पहिल्या तासापासून आवडला. मनोविज्ञान. मराठीत मानसशास्त्र. घंटीपाठोपाठ खाणं मिळत गेलं की पुढं नुसत्या घंटीनंच कुत्र्याला लाळ सुटते, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, अरे, म्हणजे माणसाचा स्वभाव वगैरे काही नसतं, सगळं शिकवलेलं असतं, आणि शिकवलेलं बदलता येतं. आमच्या कुळात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. माझ्या हाताला जणू जगाची किल्ली लागली. बसमध्ये माझ्याशेजारी बसलेली बाई नखं का खाते, सेठ भावावर ओरडला की भाऊ वहिनीवर का ओरडतो, सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार. वहिनी माझ्याकडे कौतुकानं बघायची. तिला सही करता येत होती, बाकी काही नाही.

एका दुपारी भाकरी भाजता भाजता तिनं मला जवळ बसवलं आणि विचारलं, "बाई, हाई पोरले आयकू येस का नही व?" या पोरीला ऐकू येतं की नाही. तिला बरेच दिवस शंका होती. शेजारची एक बाई आपल्या मुलाला घेऊन सरकारी दवाखान्यात निघाली होती, तिच्यासोबत आपणही जावं असं वहिनीच्या मनात होतं.

मी हसले. पुस्तकात लिहिलं होतं, की अंदाज बांधू नये, प्रयोग करावा. खातं बंद असण्याच्या दिवसाची मी मुद्दाम वाट पाहिली. आवाजाचा गोंधळ नको, प्रयोग कसा चोख हवा. पोरीला भिंतीकडे तोंड करून बसवलं, हातात खेळायला रिकामी बॉबिन दिली, आणि मी पाठीमागे सहा पावलांवर उभी राहून पाय आपटला. तिनं लगेच मान वळवली. दोन मिनिटं थांबून पुन्हा आपटला, पुन्हा वळवली. तिसऱ्यांदाही. "समदं आयकू येस तिले," मी वहिनीला सांगितलं. चांगल्या पोरीला बहिरी ठरवू नकोस, असंही वर ऐकवलं. वहिनीचा चेहरा इतका उजळला की तिनं मला जवळ ओढून घेतलं. शेजारीण एकटीच दवाखान्यात गेली.

त्या घरात बोलावणं म्हणजे पाय आपटणं होतं. ऐकणं म्हणजे पायाला वळून बघणं. टाळी वाजवावी, मागून नाव घ्यावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. फळी हलली म्हणून पोरगी वळली, हे कळायला मला पुढं सव्वा वर्ष लागलं.

मग बोलत का नाही? याचंही उत्तर माझ्याकडे होतं. ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वागणं टिकतं. पुस्तकात त्याला प्रबलन म्हटलं होतं. हात हलवला की पोरीला भाकर मिळते, मग ती जीभ कशाला हलवेल? म्हणजे दोष आमचाच, आम्ही तिचे लाड करतो. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मी घरात फर्मान काढलं: आजपासून पोरीशी कुणीही हातानं बोलायचं नाही. तिनं हातानं मागितलं तर द्यायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. वहिनी कबूल झाली. भाऊ मात्र कुरकुरला. तो म्हणाला, "आम्ही दोघं काय बोलतो ते आमचं आम्हाला समजतं, तुझं काय जातं?" मी त्याला तासभर समजावलं. मुलगी मोठी होईल, शाळेत जाईल, तिथं हातवारे कोण समजून घेणार, लोक तिला मुकी म्हणतील. शेवटच्या वाक्याला त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून तो वर आला की भिंतीकडे तोंड करून जेवायचा, कारण पोरगी समोर आली की त्याचे हात आपोआप हलायचे.

प्रयोगाची जागा खिडकीखालचा पाट. वेळ दुपारची, सुट्टी संपल्यावरही तीच. पोरीला पाटावर बसवायचं आणि तिचे दोन्ही हात तिच्याच मांडीखाली घालायचे. हात बाहेर आला की मी बिस्किटाचा पुडा मागे लपवायची. मी तोंड मोठं करून म्हणायची, "बि-स्की-ट." पहिले दोन दिवस ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनंही तोंड उघडलं. मला काय आनंद झाला! पुस्तकात होतं, की पूर्ण वागण्याची वाट बघू नका, त्याच्या जवळपास जाणाऱ्या प्रत्येक पायरीला बक्षीस द्या. मी लगेच बिस्कीट तिच्या तोंडात दिलं. चौथ्या दिवशी ती पाटावर बसल्या बसल्या आपण होऊन हात मांडीखाली घालून तोंड उघडायला लागली. मी वहीत तारीख घालून लिहिलं, उत्तम प्रगती.

आता पुढची पायरी, आवाज. नुसतं तोंड उघडण्याला बिस्कीट बंद. तिनं तोंड उघडलं, मी दिलं नाही. तिनं आणखी मोठं उघडलं, मी दिलं नाही. तिला काही उमगेना. काल ज्याला मिळत होतं त्याला आज का मिळत नाही? तिनं मांडीखालून एक हात काढून छातीवर ठेवला. आमच्याकडे ती विनवणीची खूण. मी मान फिरवली. मग ती रडायला लागली. रडताना दिलं तर रडण्याचं प्रबलन होतं, म्हणून मी पुडा घेऊन उठले. वहिनी जिन्यात बसून पदरात तोंड खुपसून रडत होती. प्रयोगाच्या वेळी आत यायचं नाही असं मीच तिला बजावलं होतं. मी तिच्या अंगावरून खाली उतरले, आणि मला तिचा रागच आला. अशिक्षितपणामुळे ही बाई स्वतःच्या मुलीच्या आड येते आहे, असं मला मनापासून वाटलं.

हे असं संक्रांत झाली, होळी झाली तरी चालू होतं. रोज नाही, पण चालू. मी दुष्ट नव्हते हो. मला ती पोर फार आवडायची. संध्याकाळी तिला कडेवर घेऊन मी बाजारात जायची, तिच्या केसांना रंगीत रिबिनी बांधायची. तिनं एकदा आत्या म्हणावं एवढीच माझी इच्छा होती. पण हळूहळू ती बदलली. हातांनी मागणं तिनं सोडलंच होतं, आता पाटावर बसवलं तरी ती माझ्या तोंडाकडे बघेना. बिस्कीट समोर धरलं तरी नजर जमिनीवर. तहान लागली तरी ती माठाजवळ जाऊन नुसती उभी राहायची, कुणाचं तरी लक्ष जाईपर्यंत. बाप वर आला की पूर्वी धावणारी मुलगी कोपऱ्यात बसून बोटानं फळीच्या फटी कोरत राहायची. मी वहीत लिहिलं, प्रतिसाद मंदावला.

ती वही मी कॉलेजात सादर केली. शिकवणाऱ्या बेन खूश झाल्या. त्यांनी ती वर्गात वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "आ छोकरीए खरेखर विषय समज्यो छे." हिला विषय खरोखर कळला आहे. बमरोलीतून बसनं येणाऱ्या, गुजराती अडखळत बोलणाऱ्या मुलीकडे त्या दिवशी सगळ्यांनी वळून पाहिलं. मी घरी येताना वहिनीसाठी पेढे घेऊन आले. तिनं विचारलं, कशाचे? मी सांगितलं, तुझ्या पोरीनं मला पहिला नंबर मिळवून दिला. तिनं अर्धा पेढा पोरीच्या तोंडात घातला.

त्याच वर्षाच्या परीक्षेसाठी मी विकासाचं प्रकरण पाठ केलं होतं. मूल कधी बसतं, कधी चालतं, कधी शब्द जोडतं. भाषा शिकण्याचं एक वय असतं, ते वय गेलं की पुढं कितीही शिकवलं तरी पहिल्यासारखं येत नाही, हेही त्यात होतं. त्यावरचा प्रश्न मला आला आणि मी तो पुरवणी घेऊन सोडवला. अक्षर सुंदर होतं माझं.

मग पावसाळा सरता सरता शहरात प्लेगची बोंब उठली. खाती बंद पडली. मागांवरची माणसं मिळेल त्या गाडीला लटकून आपापल्या गावी पळाली, तसे आम्हीही पळालो. आमचं गाव तापीच्या वरच्या अंगाला, आई-बाबा तिथंच राहायचे. दोन खोल्यांचं मातीचं घर, पुढं अंगण, शेणानं सारवलेली जमीन. गाडीतून उतरून घरी पोचलो तेव्हा पहिली जाणवली ती शांतता. पायाखालची जमीन हलत नव्हती. पोरगी तर पहिले दोन दिवस चालताना धडपडत होती, पुन्हा पुन्हा खाली बसून जमिनीला हात लावून बघत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात आमच्याकडे पाठ करून चिंचोके ओळीनं मांडत बसली होती. आईनं तिला जेवायला हाक मारली. एकदा, दोनदा, पाचदा. मग आई माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हाई पोर आयकत नही व."

"आयकस," मी म्हणाले. "मी प्रयोग करेल शे." आणि तिच्या मागे सहा पावलांवर जाऊन मी टाच आपटली.

ओलसर मातीत नुसता धप् झालं. पोरगी चिंचोके मांडत राहिली. मी पुन्हा आपटली. मग दोन पावलं पुढं जाऊन आपटली. टाच दुखायला लागली तरी मी आपटत होते. शेवटी मी आत पळत गेले, पितळी परात आणि उलथनं घेऊन आले, आणि तिच्या डोक्यामागं जीव खाऊन बडवलं. दावणीची शेळी दोर ओढायला लागली. शेजारच्या घरात झोळीत झोपलेलं तान्हं मूल किंचाळून उठलं. आमच्या पोरीनं एक चिंचोका उचलला, त्याची वाळू पुसली आणि ओळीत ठेवला.

वहिनी दारात उभी होती. ती पोरीकडे बघत नव्हती, माझ्या पायाकडे बघत होती. तिला माझ्याआधी कळलं.

सुरतेला परतल्यावर आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तपासणी झाली. डॉक्टर गुजराती होते, वयस्क, शांत. त्यांनी सांगितलं की दोन्ही कान जन्मापासूनच गेलेले आहेत, थोडंफार उरलंय तेवढ्यावर यंत्र लावून बघू. मग कागदावरचं वय वाचून त्यांनी विचारलं, "आटला मोडा केम लाव्या?" इतक्या उशिरा का आणलंत? पोरगी साडेतीन वर्षांची झाली होती. वर्षभर आधी आणली असती, तर निदान ते वर्ष मिळालं असतं, असं ते म्हणाले. मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून आवाज निघेना. तेवढ्यात वहिनी पदर सारखा करत म्हणाली, "मन्हंच चुकनं, साहेब." माझंच चुकलं. डॉक्टर तिला बोलले. अडाणी आईबापांमुळे मुलांचं कसं नुकसान होतं ते त्यांनी तिला पाच मिनिटं ऐकवलं, आणि शिकलेली नणंद शेजारी मान खाली घालून उभी राहिली. त्या पाच मिनिटांत मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. पोरीच्या कानांत माझा दोष नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण ते वर्ष माझं होतं, आणि ती पाच मिनिटंही माझीच होती.

यंत्र मिळालं. फ्रॉकच्या खिशात एक डबी आणि तिच्यातून कानापर्यंत गेलेली वायर. पण खोली तीच, खात्याच्या डोक्यावरची. खोली भावाच्या कामाबरोबर मिळालेली, ती सोडून जाणार कुठं? यंत्र चालू केलं की पोरीच्या कानात मागांची खटखट तेवढी शिरायची. ती किंचाळून वायर ओढायची. तिच्या आयुष्यातला पहिला आवाज तो. महिनाभरात डबी फडताळात गेली.

दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी भाऊ पोरीसमोर मांडी घालून बसला आणि त्यानं दोन्ही तळवे गालांवर दाबून भुवया वर केल्या. तिची जुनी खूण. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि आपले हात मांडीखाली घातले. भाऊ उठून खाली निघून गेला. पुढं महिनोन् महिने तो तिला जुन्या खुणा नव्यानं शिकवत होता. थोड्या आल्या. गालावर तळवे ठेवण्याची पुन्हा आली नाही.

वहिनीची माफी मी मागितली. ती म्हणाली, तू काय मुद्दाम केलंस का? पण त्यानंतर तिनं मला कधीच काही विचारलं नाही. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय तेसुद्धा ती शेजारणीकडून वाचून घ्यायची.

तो विषय मी पुढच्या वर्षी सोडला. त्याआधी शेवटच्या दिवसांत एक प्रकरण वाचलं होतं: काही केलं तरी सुटका होत नाही असं कळलेलं जनावर, दार उघडं ठेवलं तरी मग बाहेर पडत नाही. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि वाचनालयातच परत करून आले. पुढं माझं लग्न सुरतेतच, नवागामला झालं. तिथं मी मराठी बालवाडीत शिकवते. नवं मूल आलं की त्याच्या पाठीमागे उभी राहून मी आधी त्याचं नाव घेते, हळू, पाय जमिनीला घट्ट टेकवून. मूल वळलं की माझ्या जिवात जीव येतो. आमच्या पोरीला त्याचा काय उपयोग?

नव्व्याण्णवच्या दिवाळीत मी भावाकडे गेले. पोरगी आता आठ वर्षांची, मूकबधिरांच्या शाळेत जाणारी, उंच झालेली. मी येणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी चहा ठेवायला वळली आणि मी पिशवीतून आणलेलं सामान काढायला लागले. चिवडा, साडी, आणि मुलांच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून दुकानातून घेतलेला बिस्किटाचा पुडा. माझ्या डोक्यात काही नव्हतं, खरंच नव्हतं. पुडा दिसला आणि पोरगी उठली. खिडकीखाली तो पाट अजून होता. ती त्यावर जाऊन बसली, दोन्ही हात मांडीखाली घातले, आणि माझ्याकडे बघत तोंड उघडलं.

मी पुडा फोडून सगळाच्या सगळा तिच्या ओटीत ठेवला. घे, घे, असं हातांनी सांगितलं, बापाच्या खुणांनी, मला येत होत्या तेवढ्या सगळ्यांनी. तिनं ओटीकडे पाहिलंसुद्धा नाही. हात बाहेर काढले नाहीत. शेवटी मी एक बिस्कीट उचलून तिच्या तोंडात दिलं, तेव्हा तिनं ते खाल्लं, आणि पुन्हा तोंड उघडलं.